पेल्याच्या तळाचे घोट

रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. पक्षाघातानंतर ज्यांचं गिळणं बिघडतं, अशा माणसांना पुन्हा गिळायला शिकवणं हे त्यांचं काम. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोंडी एकच धोशा: "एक घोट. फक्त एक घोट. हनुवटी खाली. हं, आता गिळा." त्यावरून कुणीतरी त्यांना घोटबाई म्हटलं आणि ते नाव असं चिकटलं की खऱ्या नावाने हाक आली तर बाई वळूनसुद्धा बघायच्या नाहीत.

बाई बुटक्या, पण आवाज मजल्याच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा. राग नाकाच्या शेंड्यावर. बाईंचा राग हाही रुग्णालयातला एक विभागच आहे, असं सिस्टर म्हणायच्या. तिथे जायला केसपेपर काढावा लागत नाही, आणि रांग तर कधीच नसते. रुग्णाचा मुलगा घाईघाईने बापाच्या तोंडात पाणी ओतताना दिसला की बाई त्याच्या हातातून पेला हिसकावून घेत. "अरे, मोटारीत पेट्रोल भरतोयस का?"

त्यांचं म्हणणं साधं होतं. धडधाकट माणूस पाणी पितो तेव्हा घशातलं एक दार वेळेवर मिटतं. पक्षाघात झालेल्याचं ते दार उशिरा मिटतं. तेवढ्यात पातळ पाणी सुळकन श्वासनलिकेत उतरतं, तिथून फुप्फुसात, आणि मग न्यूमोनिया. म्हणून अशा माणसाचं पाणी, चहा, सूप, सगळं एक पांढरी पावडर घालून दाट करायचं. दाट घोट सावकाश उतरतो, दाराला सवड मिळते. स्वयंपाकघरातून रोज सकाळी प्रत्येक खाटेसाठी एक उंच, झाकणाचा पेला यायचा आणि दिवसभर उशाशी राहायचा. नातेवाईक किंवा आया येता-जाता चमच्याने त्यातलं पाजायचे.

एक गोष्ट मात्र बाईंना कित्येक वर्षं खुपत होती. पेला भरलेला असताना माणूस नीट गिळतो आणि तळाशी आला की ठसकतो. सगळे म्हणत, "दमतात हो, बाई." पुस्तकांतही तेच होतं. शेवटी घसा दमतो, म्हणून तपासणी करताना सुरुवातीचे घोट मोजायचे आणि थांबायचं.

मग सात नंबरच्या खाटेवर ट्रम्पेटवाले आजोबा आले. जन्मभर बँडमध्ये वाजवलेलं, छाती भात्यासारखी. अर्धं अंग गेलं होतं, पण दम होता तसाच. पेल्याच्या तळाशी तेही ठसकले आणि ठसका थांबताच त्यांनी बाईंना अशी काही शिवी हासडली की शेजारच्या खाटेवरचा माणूस कित्येक दिवसांनी हसला.

"हे दमलेत?" बाई सिस्टरना म्हणाल्या. "दमलेला माणूस शिवी पुटपुटतो. हे तर वरच्या पट्टीत देतायत!"

संध्याकाळी जेवताना बाईंनी हे घरी सांगितलं. घरात तीन माणसं: बाई, शाळेत चित्रकला शिकवणारा नवरा आणि मुलगी. लहानपणी घरातली एकही भिंत तिने कोरी सोडली नव्हती, म्हणून तिला घरी खडू म्हणत. बाबा म्हणायचे, पुढे नुसता 'स' लावायचा बाकी आहे. आता ती भौतिकशास्त्रात पीएच.डी. करत होती. दाट द्रव वाहतात कसे, हा तिचा विषय. रंग, डिंक, सरस असलं काय काय.

"तळाशी जे उरतं, ते कधी बघितलंस का, आई?" तिने विचारलं.

"उरलेलं काय बघायचं? मोरीत ओततात."

"आणि चमचा? तोच तोंडात, तोच पेल्यात?"

बाईंचा घास हातातच राहिला.

"तुझी पावडर म्हणजे स्टार्चच ना?" खडू म्हणाली. "लाळ स्टार्च पचवते. चमच्याबरोबर थोडी थोडी लाळ पेल्यात जात असेल, तर तो पेला दिवसभर..."

"म्हणजे माणसाच्या आधी पेलाच जेवतो म्हण की," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाई आजोबांच्या पेल्यातला तळ एका स्वच्छ बाटलीत घेऊन आल्या. खडूच्या प्रयोगशाळेत एक यंत्र होतं: दोन चकत्या, मधे द्रव, वरची चकती फिरते आणि द्रव तिला किती अडवतो ते दाखवते. सकाळच्या ताज्या पेल्यातलं पाणी मधासारखं दाट निघालं. तळातलं जवळजवळ दूध.

बाईंनी पडद्यावरची ती रेघ खाली उतरताना पाहिली आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे सकाळी दाट म्हणून दिलेलं पाणी संध्याकाळी पातळ होऊन त्याच माणसाच्या घशात उतरत होतं, आणि सगळे मिळून म्हणत होते, दमतात हो!

पुढचं वर्ष-दीड वर्ष मायलेकींनी या एकाच कामात घातलं. समितीची परवानगी काढली, रुग्णांची संमती घेतली. बाई वॉर्डातून तळ आणायच्या, क्ष-किरणाच्या चित्रफितीवर घोट कुठे वळतो ते बघायच्या. खडू यंत्रावर मोजायची. दोघींचे आकडे शेजारी ठेवले की गोष्ट लख्ख दिसायची. पेल्यातला द्रव जसजसा पातळ, तसतसा घोट भलत्या वाटेने. एकटं यंत्र हे सांगू शकलं नसतं, एकटी चित्रफीतही नाही. उपायही काही मोठा नव्हता. एका मोठ्या पेल्याऐवजी लहान वाट्या, प्रत्येक वेळी ताजं मिसळलेलं आणि वाढायचा चमचा वेगळा, तोंडात जाणारा वेगळा.

आपल्यासमोरच्या रुग्णांना बाई तसंच पाजू लागल्या. पण त्यांची पाळी संपली की उशाशी पुन्हा तोच उंच पेला. स्वयंपाकघराचे प्रमुख म्हणाले, "दिवसातून इतक्यांदा मिसळायला मला माणसं कोण देणार? वरून आदेश आणा." बाई वर गेल्या. रुग्णालयाचे अधीक्षक शांत माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"छापून आणा," ते म्हणाले. "चांगल्या जर्नलमध्ये. जाणकारांनी तपासलेलं. मग मी सही करतो, सगळ्या वॉर्डांना लागू."

"साहेब, मी रोज डोळ्यांनी बघतेय."

"बाई, उद्या कुणी येऊन म्हणेल, मी डोळ्यांनी बघितलंय, खाटा उलट्या दिशेला लावा. लावू?"

बाईंना पटलं नाही. पण छापायचं तर होतंच. खडूच्या विद्यापीठाचा नियम होता की एखादा तरी निबंध जर्नलने स्वीकारल्याशिवाय प्रबंध सादर करता येत नाही. प्रबंध या सत्रात सादर झाला, तर एका संस्थेत शिकवण्याची जागा तिच्यासाठी राखून ठेवली होती. संस्थेने स्पष्ट कळवलं होतं, सत्राच्या पुढे थांबणार नाही.

तीन नावांनी निबंध तयार झाला: खडू, बाई आणि खडूचे मार्गदर्शक सर. पहिल्यांदा तो भौतिकशास्त्राच्या जर्नलकडे गेला. संपादकांनी परीक्षकांकडे न पाठवताच परत केला. हा विषय रुग्णांचा आहे, वैद्यकीय जर्नलकडे पाठवावा. वैद्यकीय जर्नलने कळवलं की यात यंत्रांचे आलेख फार आहेत, भौतिकशास्त्राच्या जर्नलकडे पाठवावा.

"दोघांना एका खोलीत कोंडा," बाई म्हणाल्या. "आणि दोघांत एकच पेला द्या."

तिसरं जर्नल वेगळं होतं. अनेक विषयांना जोडणाऱ्या संशोधनाचं स्वागत आहे, असं त्याच्या पहिल्याच पानावर ठळक लिहिलेलं होतं. त्यांनी निबंध परीक्षकांकडे पाठवला. परीक्षक म्हणजे त्या त्या विषयातले दोन जाणकार, नाव न सांगता मत देणारे. मग वाट बघणं सुरू झालं. महिने गेले. खडू रोज सकाळी फोन उघडायची आणि तिच्या तोंडाकडे बघून बाईंना उत्तर कळायचं. पोरीची हाडं वर आली होती, ताटात वाढलेलं निम्मं तसंच राहायचं. बाई ओरडायच्या, "खा! निबंध परत येतात, वजन येत नाही!" आणि ओरडून झालं की आपलंही ताट पुढे सरकवायच्या.

त्याच काळात ट्रम्पेटवाले आजोबा पुन्हा वॉर्डात, त्याच सात नंबरच्या खाटेवर आले, साध्या तापासाठी. बाईंची सुट्टी होती त्या दिवशी त्यांना दिवसभर उशाच्या पेल्यातून पाजलं गेलं. दुसऱ्या दिवशी छाती भरली. आठवड्याच्या आत ते गेले. तळाच्या घोटांनीच गेले, असं कुणी शपथेवर सांगू शकणार नाही. वय होतं, ताप होता. बाईंनीही ते कुणाला सांगितलं नाही. त्यांनी सात नंबरच्या उशाचा पेला उचलला, मोरीपाशी गेल्या आणि तळातलं चमच्याने वर धरून पाहिलं. थेंब थेंब, पाण्यासारखं गळत होतं. त्या दिवशी बाई कुणावरही ओरडल्या नाहीत, आणि सिस्टरांना त्याचीच जास्त भीती वाटली.

परीक्षकांची मतं आली ती रविवारी दुपारी. खडूने मोठ्याने वाचली. पहिले परीक्षक वैद्यकातले. त्यांचं म्हणणं, काम रोचक आहे, पण यंत्राचा भाग बोजड आहे, तो काढून टाकावा. शिवाय शेवटचे घोट हिशेबात धरू नयेत, कारण तोवर रुग्ण दमतो. दुसरे परीक्षक भौतिकशास्त्रातले. त्यांचं म्हणणं, मोजमाप चोख आहे, पण रुग्णांचा भाग विस्कळीत आहे, तो काढून टाकावा. शिवाय तळाचे नमुने लाळेने दूषित असल्यामुळे वगळावेत.

"दोघांचंही ऐकलं तर काय उरतं?" बाबांनी विचारलं.

"शीर्षक," खडू म्हणाली.

"तेही लांब आहे असं म्हणतील," बाबा म्हणाले. कुणी हसलं नाही.

सरांनी दोघींनाही बोलावून घेतलं. बाई विद्यापीठात पहिल्यांदाच जात होत्या. वाटेत खडूने बजावलं, "आई, आवाज चढवायचा नाही. मी बालवाडीत नाहीये आणि ते तुझ्या वॉर्डातले नातेवाईक नाहीत."

सरांची खोली वह्या-पुस्तकांनी भरलेली, बसायची एक खुर्ची रिकामी करायलाच त्यांना वेळ लागला. माणूस सभ्य होता, थकलेला होता. त्यांनी बाईंना पाणी दिलं आणि आपला बेत सांगितला. निबंधाचे दोन तुकडे करायचे. पहिला शुद्ध भौतिकशास्त्राचा: बाजारात मिळणारा लाळेतला पाचक घटक आणायचा, मोजून पाण्यात घालायचा, आलेख काढायचे. लाळेची भानगड नको, रुग्ण नकोत. असा निबंध ओळखीच्या जर्नलमध्ये लगेच स्वीकारला जाईल, सत्र हुकणार नाही. वॉर्डाचा भाग पुढे कधीतरी स्वतंत्र.

"आणि तुमचं योगदान मॅडम, अमूल्य आहे," सर म्हणाले. "आभारात तुमचा उल्लेख अगदी पहिला राहील."

"आभारात," बाई म्हणाल्या.

"पहिल्या तुकड्यात रुग्ण नसतील, तर लेखक म्हणून तुम्ही... आणि एकाच निबंधावर आई-मुलगी, लोक बोलतात हो."

"बाप-मुलगा असले की काय म्हणतात? घराणं?"

"आई," खडू दबक्या आवाजात म्हणाली.

"सर, मला आभारात घाला, नाहीतर गाळून टाका. मला पदवी घ्यायची नाही. पण त्या शुद्ध निबंधात पेला असेल? चमचा असेल? माझे अधीक्षक तो वाचून काय सही करतील? प्रयोगशाळेतल्या बाटल्या लहान करा म्हणून?"

"मॅडम, लाळ मिसळलेला नमुना फेकून द्यायचा, हे आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी शिकवतो. परीक्षक तेच म्हणतायत. ते चुकत नाहीत."

"आणि शेवटचे घोट मोजायचे नाहीत, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं. तेही चुकत नाहीत." बाई बोलता बोलता थांबल्या. त्यांनी समोरच्या दोन कागदांकडे पाहिलं, मग एकदम खुर्चीतून उठल्या. "अहो, पण हे दोघं एकच गोष्ट फेकायला सांगतायत! तुमचा माणूस ती घाण म्हणून फेकतो, आमचा माणूस थकवा म्हणून फेकतो. प्रत्येकाने आपापल्या शिस्तीत फेकली म्हणून तर ती इतकी वर्षं कुणाला दिसली नाही! आणि माणसं नेमकी तेच पितात!"

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"खरं आहे," ते म्हणाले. "पण खरं आहे म्हणून छापतात, असं नाही. मीही तरुणपणी दोन विषयांत पाय ठेवला होता, मॅडम. माझा तो निबंध अजून माझ्याच कपाटात आहे. तुमच्या मुलीचा तसा होऊ नये, एवढंच."

हे ऐकून बाईंचा राग दुप्पट झाला, कारण माणूस वाईट नव्हता. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं.

बाहेर पडल्यावर जिन्यातच मायलेकींची जुंपली.

"झालं समाधान?" खडू म्हणाली. "तू बोललीस, छान वाटलं, आता घरी जाशील. मला त्यांच्याच खोलीत रोज बसायचंय."

"मी खोटं बोलले का?"

"तू कधीच खोटं बोलत नाहीस, हाच त्रास आहे! तू रागावतेस आणि निस्तरायचं दुसऱ्यांनी. ती जागा हातची गेली ना, तर पुन्हा केव्हा येईल माहीत नाही मला. माझ्याबरोबरचे सगळे कुठल्या कुठे गेले. मी अजून तुझ्या पेल्यांचे तळ मोजतेय!"

जिन्यातून वर येणाऱ्या दोन मुलांनी भिंतीला चिकटून वाट दिली. बाईंना दिसत होती ती मुलीची मान, कॉलरमधून काडीसारखी वर आलेली. वॉर्डातल्या एकेका खाटेचा हिशेब त्यांच्या डोक्यात होता. या एका पोरीचा मात्र त्यांनी कधी मांडलाच नव्हता. आजोबा गेले होते. ही समोर उभी होती.

"कर दोन तुकडे," बाई म्हणाल्या. "सर म्हणतात तसं. माझं नाव काढ."

"आता रागाने म्हणतेयस."

"रागानेच म्हणतेय. पण म्हणतेय. कर."

घरी गेल्यावर त्यांनी सरांना तसं लिहूनही टाकलं: लेखक म्हणून नाव मागे घेते, निबंध विभागायला हरकत नाही. पाठवून झालं आणि त्या भांडी घासायला बसल्या. इतक्या जोरात घासली की बाबा म्हणाले, "अगं, नक्षी जाईल." त्यावर बाईंनी त्यांना असं काही सुनावलं की ते गुपचूप शेजारी बसून भांडी विसळू लागले.

चार-पाच दिवस मायलेकी कामापुरतं बोलल्या. मग एका संध्याकाळी खडू लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आली आणि बाईंच्या समोर बसली.

"परीक्षकांना उत्तर लिहायचंय. तू सांग, मी लिहिते."

"कसलं उत्तर? तुकडे होतायत ना?"

"करायला बसले होते. बाजारातला तो घटक पाण्यात घातला, सुंदर आलेख आला. इतका सुंदर की मलाच माझा राग आला. त्यात काहीच नाही, आई. हे होतं हे कुणालाही माहीत आहे. नवं आहे ते चमच्यात आहे. ते काढलं तर मी काय शोधलं? लाळ स्टार्च पचवते, हे? ते शाळेच्या पुस्तकात आहे."

"आणि ती जागा?"

"सरांना सांगून आलेय. माझं नाव राहू दे म्हणाले, पण घाईचं काही माझ्याकडे मागू नकोस म्हणाले."

"मी विचारलं, जागा?"

"आई, सांगतेस की मी एकटी लिहू?"

बाईंनी शेगडी बंद केली. रागाने ओठ घट्ट मिटलेले, पण खुर्ची ओढून बसल्या.

"लिही. परीक्षक महाशय, तुम्ही आयुष्यात कुणाला चमच्याने पाणी पाजलंय का?"

खडूची बोटं चालली. मग तिने वाचून दाखवलं, "नमुन्यांच्या शुद्धतेचा महत्त्वाचा मुद्दा उपस्थित केल्याबद्दल आम्ही परीक्षकांचे आभारी आहोत."

"मी हे म्हटलं?"

"हेच म्हटलंस. फक्त इस्त्री केली."

"इस्त्री कर, पण चटका राहू दे. पुढे. ज्याला तुम्ही घाण म्हणता ती आमच्या रुग्णांच्या तोंडात जाते."

"प्रत्यक्ष वापरात ही मिसळण टाळता येत नाही, किंबहुना अभ्यासाचा विषय तीच आहे."

"किंबहुना! आणि त्या वैद्यकातल्याला विचार, दमतात म्हणून मोजू नका, मग मरतात म्हणून पुरूही नका का?"

खडू थांबली. तिने आईकडे बघितलं.

"याला इस्त्री होत नाही," ती हळूच म्हणाली. "हे रुग्णांच्या भागात घालू. आकड्यांसकट."

ताजी वाटी आणि तळाचा पेला एकाच माणसाला एकाच वेळी दिला, तेव्हाचे आकडे बाईंकडे होते. दमलेल्या माणसानेही ताजं नीट गिळलं होतं. ते पहिल्या मसुद्यात शेवटी कुठेतरी दडलं होतं. आता वर आणलं. मग सगळ्यात शेवटी खडूने स्वतःहून लिहिलं आणि त्यावर इस्त्री फिरवली नाही: दोन्ही परीक्षकांनी, आपापल्या शास्त्राच्या शिस्तीला धरून, एकच गोष्ट वगळायला सांगितली आहे. आजवर प्रत्येक शास्त्राने ती वगळली, म्हणून ती दिसली नाही. आमचा निबंध तेवढ्याबद्दलच आहे. ती वगळायची असेल, तर निबंध परत करावा.

"इतकं उद्धट?" बाई म्हणाल्या.

"कुणाची मुलगी आहे?"

लेखकांत दुसरं नाव बाईंचंच होतं. बाईंनी ते पाहिलं आणि बोट ठेवून म्हणाल्या, "मी काढायला सांगितलं होतं."

"तू सरांना सांगितलंस. मला तू रागाने सांगितलंस. त्यातलं मी काही ऐकत नसते."

उत्तर गेलं. संपादकांनी तिसरे परीक्षक नेमले, आणि पुन्हा वाट बघणं आलं. सत्राचा शेवटचा दिवस उजाडला आणि मावळला. संस्थेचं पत्र आलं, जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली आहे, आपल्याला शुभेच्छा. खडूने ते एकदा वाचलं आणि घराबाहेर जाऊन बराच वेळ चालून आली. बाई दारातच उभ्या होत्या. वाटलं होतं, पोरीला जवळ घ्यावं. तोंडातून निघालं ते भलतंच.

"कुणी सांगितलं होतं? मी म्हटलं होतं ना, कर तुकडे! मी मोठी, मी घेतला असता कमीपणा! माझ्या वॉर्डासाठी तू कशाला आपल्या पायावर..."

"तुझ्या वॉर्डासाठी नाही केलं," खडू म्हणाली. तिचे डोळे लाल होते, पण आवाज पक्का होता. "अर्धा निबंध माझा होता, आई. अर्धवट माझ्या नावावर मला नको होता. तुला वाटतं राग फक्त तुलाच येतो?"

बाईंनी पानं घेतली. त्या दिवशी खडू पोटभर जेवली, आणि बाईंना ते बघवेना.

निबंध स्वीकारल्याचं पत्र पुढचं सत्र सुरू झाल्यावर आलं. तिसऱ्या परीक्षकांनी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या: दोन्ही भाग आहेत तसे ठेवावेत, एकावाचून दुसरा निरर्थक आहे. बाईंनी त्या ओळी दोनदा वाचल्या. "इतकंच होतं म्हणायला?" त्या म्हणाल्या. "याला वर्ष लागलं?" आनंद झालाच नाही असं नाही, पण तो आनंद रागाच्या पाठीमागून, जिना चढून दमून आल्यासारखा आला.

छापील निबंध घेऊन बाई अधीक्षकांकडे गेल्या. त्यांनी पानं चाळली, आलेखांवरून नजर फिरवली, शेवटचा परिच्छेद नीट वाचला. शब्दाला जागले. सही केली, सगळ्या वॉर्डांना लागू. मग हसून म्हणाले, "अभिनंदन, बाई! बघा, म्हटलं होतं ना, छापून आलं की सगळं सोपं होतं. मुलीची पदवीही झाली असेल आता, नोकरीबिकरी?"

"पदवी व्हायचीय," बाई म्हणाल्या. "नोकरी होती. ती हे छापून येईपर्यंत थांबली नाही. सात नंबरचे आजोबाही थांबले नाहीत."

अधीक्षकांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं. बाई थांबल्या नाहीत. टेबलावरचा आदेश उचलला, शाई वाळली की नाही ते न बघताच, आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने थेट तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात गेल्या.

स्वयंपाकघराच्या प्रमुखांनी हात पुसले, कागद वाचला. पलीकडे ओट्यावर दिवसभराचे उंच पेले ओळीने भरून ठेवले होते, झाकणं लावायची बाकी होती.

"ठीक आहे," ते नाराजीने म्हणाले. "वाट्या मागवाव्या लागतील, माणसं बघावी लागतील. पुढच्या महिन्यापासून करू."

बाईंनी बाह्या मागे सारल्या. ओट्यापाशी जाऊन पहिला पेला उचलला.

"वाट्या कुठल्या कपाटात आहेत?" त्या म्हणाल्या. "आणि जरा सरका. आजचं पाणी आपण दोघं मिसळतोय."